प्रतिकारशक्ती कमी, पण कुठली?

रोवणी उरकत आली की झाडीपट्टीत तापाचे दिवस सुरू होतात. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा या सगळ्या धानाच्या पट्ट्यात श्रावण-भाद्रपदात दवाखान्यांसमोर रांगा लागतात. एकाच घरातली, एकाच बांधीत राबलेली चार माणसं असतात. तिघांना दोन दिवस कणकण येते आणि जाते. चौथा मात्र दरवर्षी अंथरूण धरतो. त्याच्याबद्दल घराचं निदान ठरलेलं असतं, “याच्या अंगात प्रतिकारशक्तीच नाही.” मग मेडिकलमधून टॉनिकची बाटली येते, कडुनिंबावर चढलेला गुळवेल उतरवून काढा उकळला जातो, कोणी सलाईन लावून आणतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

बांधीतलं पाणी ओसरायला लागलं तर शेतकरी वरून बादल्या ओतत बसत नाही. पाळीला भगदाड कुठे पडलंय ते आधी शोधतो. प्रतिकारशक्तीच्या बाबतीत आपण नेमकं हे शोधणंच टाळतो. ती एकच एक ताकद असते, कमी झाली की वाढवायची, असं आपण धरून चालतो. वास्तविक ती पुष्कळ अवयवांची आणि पेशींची वाटून घेतलेली कामं आहेत. कातडी आणि नाकातोंडाचं अस्तर जंतूंना आत येऊ देत नाही. आत आलेच तर पांढऱ्या पेशींतल्या काही त्यांना तिथल्या तिथे गिळतात. दुसऱ्या काही पेशी जंतूची ओळख लक्षात ठेवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, रक्त गाळून त्यातले जंतू टिपते. यातलं एखादंच काम बिघडलेलं असू शकतं आणि बाकीची ठणठणीत असू शकतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काय बिघडलंय याची उत्तरं बहुतेक वेळा सापडतात, आणि ती टॉनिकच्या बाटलीत नसतात.

आधी काय काळजीचं आणि काय नाही ते पाहू. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं अगदी सर्वसाधारण आहे. मूल खातंय, खेळतंय, त्याचं वजन वाढतंय, तर त्याची प्रतिकारशक्ती शिकते आहे इतकाच त्याचा अर्थ. पण एका वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, कान चार-चार वेळा फुटला, दोन महिने प्रतिजैविकं घेऊनही गुण आला नाही, खोलवरची गळवं वारंवार होऊ लागली, वर्षाचं झाल्यावरही तोंडात पांढरा थर टिकून राहिला किंवा वजनच वाढेना, तर तपासणी हवी. घरात आधी एखादं लेकरू जंतुसंसर्गाने दगावलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. मोठ्या माणसांत महिनाभर न हटणारा ताप, कारण नसताना घटणारं वजन, पुन्हा पुन्हा उठणारी नागीण, तोंडात बुरशी किंवा क्षयरोग दिसला की मधुमेहाची आणि एचआयव्हीची चाचणी करून घेतलीच पाहिजे. एचआयव्हीची चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि ती गुप्त ठेवली जाते. तिची लाज बाळगण्यात वर्षं वाया जातात.

या भागात सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न सिकलसेलचा. भारतात हा विकार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत नोंदवला गेला. विदर्भातली नोंद त्यानंतर लगेचची, १९५८ सालची, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांची. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एक छोटासा बदल असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की लाल पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं आणि सांधे प्रचंड दुखतात, कावीळ दिसते, तान्ह्या मुलाच्या हातापायांची बोटं सुजतात. हे पुष्कळांना ठाऊक असतं. प्रतिकारशक्तीशी त्याचं नातं मात्र गावात क्वचितच कोणी सांगतं.

ते नातं पानथरीत आहे. पानथरीच्या अरुंद वाटांमधून जाताना या वाकलेल्या पेशी सर्वांत आधी अडकतात. आई-वडील दोघांकडून हा जनुक आलेल्या मुलाची पानथरी पहिल्या काही वर्षांतच निकामी व्हायला लागते. आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत ती आफ्रिकन रुग्णांच्या तुलनेत जास्त वर्षं मोठी राहते, हाताला लागते; पण हाताला लागणारी पानथरी काम करतेच असं नाही. तिच्याशिवाय न्यूमोकोकससारखे जाड कवचाचे जंतू रक्तात बेलगाम वाढतात. सकाळी साधा ताप असलेलं मूल रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतं. अशा मुलाची “प्रतिकारशक्ती वाढवायला” च्यवनप्राश दिला तर पानथरी परत येत नाही. तिची जागा भरून काढणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या सिद्ध झालेल्या आहेत.

अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिनची गोळी दिली गेली. न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तेव्हापासून तान्हेपणी सुरू करून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन देण्याची पद्धत रूढ झाली. न्यूमोकोकसविरुद्धची लस २०२१ पासून देशभरातल्या बाळांना नियमित लसीकरणात मिळते: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. सिकलसेलच्या मुलाला यापुढचेही काही डोस लागतात, ते डॉक्टरांना विचारून घ्यावेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे दुखण्याचे झटके कमी होतात. ते नियमित रक्ततपासणीसह वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, झटका आला तेवढ्यापुरतं नाही. आणि एक खबरदारी. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. त्यामुळे तपासणी न करता लोहाच्या गोळ्या गिळत राहण्यात अर्थ नाही. फॉलिक अॅसिड लागतं, लोह कमी असेल तरच लोह.

रोवणीचाही इथे थेट संबंध येतो. थंड पाण्यात, पावसात, वाकून दिवसभर उभं राहणं हे झटका आणणारं काम आहे. तसंच मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर असताना मोहाफुलांनंतरची तेंदूपत्त्याची तोडाई. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकतात. सिकलसेलच्या माणसाला आळशी ठरवणारे नातेवाईक मी भरपूर पाहिले आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की त्याच्या हाती पाण्याची बाटली द्या आणि बांधीतलं काम सोडून दुसरं काम द्या.

हा जनुक या जंगलपट्ट्यात इतका का पसरला, याचं उत्तरही प्रतिकारशक्तीतच आहे. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की ज्यांच्यात हा जनुक एकाच पालकाकडून आलेला असतो, त्या वाहकांना मेंदूपर्यंत जाणाऱ्या जहाल मलेरियापासून संरक्षण मिळतं. मलेरियाच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत म्हणूनच तो टिकला. गडचिरोली आजही राज्यात मलेरियासाठी ओळखला जातो. म्हणजे ज्या बदलाने आजोबांना वाचवलं, तोच दोन्हीकडून आला की नातवाची पानथरी खातो. यात जातीचा दोष काही नाही. विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत तो सापडतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं त्याचं लक्ष्य आहे. पत्रिका जुळवण्याआधी हा रक्ताचा कागद जुळवायला हवा, आणि तो जुळवायला भटजी लागत नाही, आशाताई पुरते.

आता दुसरी गोष्ट, जी प्रतिकारशक्तीच्या लेखांत सहसा येत नाही. एखाद्या माणसाची प्रतिकारशक्ती फक्त एका पायात कमी असू शकते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे आहेत. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासातून आलेले कृमी लसीकावाहिन्यांत राहतात आणि त्या रुंद करून बिघडवतात. पांढऱ्या पेशींची ये-जा या वाहिन्यांमधूनही होते. ती खुंटली की पायाच्या बोटांतल्या चिखल्यांमधून शिरलेले साधे जंतूही आवरत नाहीत. हुडहुडी भरून ताप, लालबुंद पाय, जांघेत गाठ, असे झटके वर्षातून अनेकदा येतात आणि प्रत्येक झटक्यानंतर पाय थोडा आणखी जाड होतो. लोक समजतात की कृमी पाय वाढवतो. बऱ्याच अंशी पाय वाढवतात ते जंतूंचे हे वारंवार येणारे झटके, आणि ते साबणाने थांबतात. रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, चिखल्यांवर बुरशीचं मलम, झोपताना पाय उंचावर, बाहेर चप्पल. एवढ्यानं झटके खूप कमी होतात. औषधाच्या महागड्या बाटलीपेक्षा बादली, मग आणि टॉवेल इथे जास्त उपयोगी पडतात. दरवर्षी गावात वाटल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात. “नंतर घेतो” म्हणून खिशात टाकलेल्या गोळ्या बहुतेक खिशातच राहतात.

सर्वांत कमजोर प्रतिकारशक्ती मात्र कोणाची असते, तर पहिल्या महिन्यातल्या बाळाची. अशा बाळांना वाचवायचं कसं, या प्रश्नावर जगाला उत्तर देणारं काम याच भागात झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळांसाठीचं त्यांचं काम सुरू होण्याआधी तिथल्या गावांत दर हजार बाळांमागे साठच्या आसपास बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ऊब देण्याची रीत शिकवत आणि रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची खूण दिसली तर स्वतः इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले, आणि पुढे आशाताईंच्या गृहभेटींची राष्ट्रीय योजना त्यातून उभी राहिली.

त्या आरोग्यदूतांना शिकवलेल्या खुणा प्रत्येक आजीला पाठ हव्यात: रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, दूध ओढणं कमी होणं, हातपाय लुळे पडणं, पोट फुगणं किंवा उलट्या, अंग गार लागणं, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणं, बेंबीत पू. यातल्या दोन एकदम दिसल्या की जंतुसंसर्ग समजायचा. लक्षात घ्या, यात ताप नाही. इतक्या लहान बाळाचं शरीर अनेकदा तापू शकत नाही. ते गार पडतं. बाळाची प्रतिकारशक्ती वाढवण्याचं सर्वांत जुनं औषध म्हणजे आईचा चीक, पहिलं पिवळसर घट्ट दूध. ते प्रतिपिंडांनी भरलेलं असतं. ते पिळून टाकून मधाचं बोट चाटवण्याची रीत अजून कुठे असेल तर ती आजच बंद करा.

आता ताटाकडे वळू. बारीक एचएमटी तांदूळ खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की तो याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून घडवला? तांदळाचा अभिमान असावाच. अडचण तांदळाची नाही, ताटात तांदळाशिवाय काही नसण्याची आहे. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं असतात, तितक्याच डाळीत २० ते २५, एका अंड्यात ६. प्रतिपिंडं प्रथिनांचीच बनतात. कुपोषित मुलाच्या छातीतली थायमस ग्रंथी, जिथे काही प्रकारच्या पांढऱ्या पेशी तयार होऊन बाहेर पडतात, ती अक्षरशः आकसते. मामा (माजी मालगुजारी) तलावातले मासे आणि झिंगे, अंडी, हरभरा, पावसाळ्यातला तरोटा, काटवलं, वास्ते (बांबूचे कोंब) हे सगळं इथे मिळतं. बाजारात विकून घरी फक्त भात आणि पाणीदार वरण उरतं, हा खरा पेच आहे.

अन्नाने प्रतिकारशक्ती वाढते याला भक्कम पुरावा आहे का? आहे, आणि तो झारखंडातून आला आहे, आपल्यासारख्याच गरीब, जंगलाच्या, भात खाणाऱ्या मुलखातून. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. निम्म्यांना रोज साधारण ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं मिळतील इतका जादा शिधा व सूक्ष्म पोषकद्रव्यं दिली. २०२३ मध्ये निकाल आले: त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि थुंकीतून पसरणाऱ्या प्रकाराचं ४८ टक्क्यांनी. क्षयरोगाविरुद्ध इतकं काम करणारं टॉनिक अजून बाजारात आलेलं नाही. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाली आहे. ती डाळ-अंड्यांवरच खर्च व्हावी.

खर्रा आणि दारू यांच्याबद्दल थोडक्यात, कारण उपदेशाचा कंटाळा येतो. सुपारी-तंबाखू-चुन्याच्या खर्ऱ्याने तोंडाचं अस्तर कडक होतं, तिखट सोसत नाही, पुढे तोंडच उघडत नाही, आणि भूक मरते. म्हणजे वर सांगितलेलं ताट भरलेलं असलं तरी पोटात जात नाही. दारू पांढऱ्या पेशींचं काम मंद करते, न्यूमोनिया आणि क्षयरोग दोन्हींचा धोका वाढवते. चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीवरचा वाद काही असो, फुप्फुसांना तो कळत नाही. मधुमेहाचंही तसंच. साखर अनावर असली की क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो. एक बारकावा या भागासाठी महत्त्वाचा: सिकलसेलच्या रुग्णात तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी चाचणी फसवी येते, कारण पेशीच तेवढ्या जगत नाहीत. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच पाहावी.

शेवटी प्रतिकारशक्तीचे ‘बूस्टर’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या टॉनिक-काढ्यांबद्दल. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, हेही खरं नाही, आणि याचा दाखला कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या वरोऱ्याच्या आनंदवनाच्या जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागत नाही. कुष्ठरोगाचा जंतू शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांचं काहीच बिघडवू शकत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती त्याला परतवते. उरलेल्यांत ती चांगली असेल तर एक-दोन बधिर चट्टे, कमी असेल तर अंगभर गाठी. पण उपचार चालू असतानाही कधी कधी ही शक्ती उसळते आणि जंतूंसोबत नसाही जाळते. हात वाकडे होतात, पाय लुळा पडतो. तेव्हा डॉक्टर ती दाबणारी औषधं, स्टेरॉइड देतात. जो माणूस नेमका त्याच वेळी ‘शक्तिवर्धक’ घेत बसेल आणि दवाखान्यात जाणार नाही, तो हात गमावेल. गुळवेलाचंही जपून. कोविडच्या काळात भरमसाट काढे पिणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, ती वेल दुसरीच असावी असं म्हटलं. नुसत्या नजरेने वेल ओळखून महिनोन्‌महिने पिणाऱ्याला दोन्ही बाजूंचं म्हणणं सारखंच सावध करणारं आहे.

तेव्हा घरातला कोणी वारंवार आजारी पडत असेल तर नागभीडच्या रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चारच गोष्टी आधी मागा: सिकलसेलची चाचणी, पूर्ण रक्तगणना, साखर, आणि खोकला दोन आठवड्यांवर असेल तर थुंकीची तपासणी. त्यात काही निघालं नाही तरच पुढे नागपूरला मोठ्या तपासण्यांचा विचार करावा. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. आणि ज्या घरात सिकलसेलचं मूल आहे त्यांनी थर्मामीटर घरात ठेवा, डाव्या बरगडीखाली पानथरी चाचपायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. ताप १०१ अंश झाला किंवा पानथरी अचानक वाढलेली लागली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री निघा, वाटेत पाणी पाजत राहा, आणि दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य सांगा की याला सिकलसेल आहे.